उकिडवा बस, लिंबा

दादाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. ज्या माणसाला सारं गाव चेअरमन म्हणून हाक मारतं, त्यानं भर रस्त्याच्या कडंला उकिडवं बसायचं, हात पसरायचे, अन् कुत्र्याच्या पिल्लाला "ये गं माझी चिमणी, ये गं माझी बाय" असं लाडालाडात बोलवायचं? हाट! सोसायटीची चेअरमनकी माझ्याकडं एकदाच होती अन् ती जाऊन बी जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्या नावाला शोभंल अशी मिशी मी राखली होती. तेलगावात त्या मिशीला मान होता, न्हाई म्हणू नका.

दादा म्हंजे माझा थोरला भाऊ, राधाकिशन. आई-बाप लवकर गेले, मला वाढवलं ते दादानं अन् छबुवहिनीनं. जवानीत दादा धरणावर एका इंजिनियर साहेबाची जीप चालवायचा. त्या साहेबापाशी लांब कानाचं एक कुत्रं होतं, स्पॅनियल जातीचं. साहेब बंदुकीनं बदक पाडायचा. गुन्हाच तो, पण साहेबाला इचारणार कोण? बदक पाण्यात पडलं का कुत्रं उडी टाकायचं, बदक तोंडात धरून पोहत यायचं अन् साहेबाच्या हातात द्यायचं. "पिसाला दात लागलेला नसायचा लिंबा," दादा सांगायचा, "आई पोराला उचलते तसं उचलायचं ते." शिकारीचं दादाला काही न्हाई, त्यानं उभ्या जन्मात चिमणी मारली न्हाई. पण ते आणून देणं त्याच्या डोक्यात जे बसलं, ते म्हातारपणापर्यंत निघालं न्हाई.

मग त्याला लकवा मारला. डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, तेवढी मात्र देवाची कृपा. त्याची खाट वहिनीनं ओसरीवर टाकली, म्हंजे रस्ता दिसावा, माणसं दिसावी. लेक उज्ज्वला पुण्याहून भेटायला आली. "बाबा, तुमाला काय आणू?" म्हणून तिनं इचारलं. माणूस अशा वक्ताला पेढे मागंल, गंगाजल मागंल. आमच्या दादानं मागितलं तसलं कुत्र्याचं पिल्लू.

वहिनीनं कपाळावर हात मारला. "स्वतःला कूस बदलता येईना अन् कुत्र्याची हौस!"

पण लेकच ती. पुढच्या खेपंला टोपलीतून पिल्लू घेऊन आली. तपकिरी-पांढरं, डोळे कायम रडून आल्यासारखे, अन् कान एवढे लांब का जेवायला तोंड घातलं का आधी कानच ताटलीत. वहिनी बडबड करत राहिली अन् तिसऱ्याच दिवशी स्वतःच्या केसाचं रबर काढून तिचे कान मागं बांधू लागली. मी म्हणलं, नाव शेरू ठेवू, टायगर ठेवू. दादा म्हणला, "मादी हाय रे, शेरू कावून? चिमणी म्हणायचं." झालं. उद्या गावात मी चिमणीऽऽ म्हणून बोंबलत हिंडणार.

"लिंबा," दादा म्हणला, "मी पडलो हातरुणात. शिकवायचं तू, सांगायचं मी. मी गेल्यावर ती तुझीच हाय. एकदा तिनं तुझ्या हातात नीट आणून दिलेलं ह्या डोळ्यानं बघितलं का मी सुटलो बघ. दुसरं काही मागणं न्हाई माझं."

आता ज्यानं आपल्याला कडंवर घेऊन शाळंत पोचवलं, त्याला नाही कसं म्हणायचं? बसलो शिकवायला.

सुरवातीचं सोपं होतं. बंदुकीचा कुत्रा आवाजाला भ्यायला न्हाई पाहिजे, असं दादाचं म्हणणं. आपल्याकडं बंदूक न्हाई, पण लग्नाचे फटाके हायत, डीजे हाय, निवडणुकीची मिरवणूक हाय, ते काय कमी हाय का? तर चिमणी भाकरी-दूध खायला लागली का दादा खाटंवरून उजव्या हातानं चमचा ताटावर हळूच वाजवायचा. आधी लांबून, मग रोज जरासा जोरात. थोड्या दिवसांनी तर चमचा वाजला का चिमणी शेपटी हलवत जेवायला हजर. मग शीळ. एक शीळ म्हंजे बूड टेकायचं, हे तर ती दोन-चार भाकरीच्या तुकड्यात शिकली. मी मनात म्हणलं, पोरगी हुशार हाय.

मग मोजा आला. दादाच्या लुळ्या पायात वहिनी मोजा घालायची, पाय गार पडतो म्हणून. त्यातला एक मोजा घेतला, त्यात आपल्याच रानातला कापूस सरकीसकट ठासला, वरून कोंबडीची दोन पिसं बांधली अन् दोऱ्यानं आवळला. मी फेकायचा अन् चिमणीनं आणायचा. चिमणी तीरासारखी जायची, मोजा उचलायची, अन् तिथून पुढं तिची तीच मालकीण! अंगणभर पळती, तुळशीला फेरा मारती, खाटंखाली घुसती. मी मागं पळालो का तिला वाटायचं खेळ चालू हाय. मी धापा टाकायचो अन् दादा हसायचा. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड हसताना आणखी वाकडं व्हायचं.

"मागं पळू नको रे येड्या. तिच्यापासून लांब पळ, ती मागं येती. अन् उभा राहू नको. उभा माणूस म्हंजे पिल्लाला पोलीस. उकिडवा बस, लिंबा. हात पसर, आवाज बारीक कर, लाडानं बोलव. अन् एक ध्यानात ठेव. ती काहीबी आणू दे, घाण आणू दे, मेलेलं आणू दे. आणून दिलं का शाबासकीच द्यायची. त्या वक्ताला एकदा मारलं का ती परत आणायची न्हाई."

सांगायला सोपं हाय. पण आमची ओसरी रस्त्याला तोंड करून, अन् रस्त्यापलीकडं बरोब्बर समोर जलालुद्दीनचं गॅरेज. जलाल माझ्या वर्गातला. ट्रॅक्टर, मोटरसायकल, पाण्याचं इंजिन, जे येईल ते खोलतो. त्याच्या गॅरेजसमोरच्या फळीवर गावातली बिनकामाची सगळी जनता दिवसभर बसलेली. मी नुसतं अंगणात मोजा घेऊन उतरलो का तिकडून आवाज यायचा, "चेअरमनसाब, चिमणी उडी क्या?" अन् सगळी फळी खदाखदा हसायची. ह्यांच्यासमोर मी गुडघ्यात वाकून बाय-बाय करू?

मागं गोठ्यात करावं तर म्हशींना बघून पिल्लू मुततं. म्हणून एकदा तिला रानात नेलं. उसाच्या कडंला, आजूबाजूला कुणी न्हाई असं बघून मी उकिडवा बसलो अन् हात पसरले. तेवढ्यात उसातून गावातला एक माणूस निघाला. माझ्याकडं बघितलं, मान फिरवली अन् लई काळजीनं म्हणला, "चेअरमन, पोट बिघडलंय का? तांब्या आणून देऊ?" मी ताडकन उठलो. दुसऱ्या दिवशी मी दिसलो का अख्खी फळी माझ्या पोटाची चौकशी करायला लागली. त्या दिवसापासून मी बसायचं सोडलं. उभ्यानंच, एक हात मिशीवर ठेवून, "ए, आण इकडं" असं दरडावून बोलवू लागलो.

तरी बी ती यायला लागली होती. हे मला आज जास्त डाचतं. मी दगडासारखा उभा, तरी ती बिचारी रोज जरा जास्त जवळ यायला लागली होती.

अन् त्यातच विजयसिंह नाना आले. नाना म्हंजे आमच्या भागातले मोठे पुढारी. दादाच्या तब्येतीची चौकशी करायला दोन गाड्या घेऊन दारात उतरले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. ओसरीवर सतरंजी, चहा, जलालची सगळी फळी उठून उभी. नानांनी पायरीखाली पांढऱ्या स्वच्छ चपला काढल्या अन् दादाच्या खाटंजवळ खुर्चीवर बसले. मी अंगणात गाडीपासून माणसं मागं सारत होतो. मागं वळून बघतो तर काय, चिमणी नानांची चपल तोंडात धरून माझ्याकडं येत होती. मान वर, चालणं सरळ, इकडं न्हाई तिकडं न्हाई. एकदम माझ्या हाताकडं बघत.

कुणीतरी हसलं. नानांचा माणूस म्हणला, "अहो चेअरमन, कुत्र्याला हेच शिकवलं का?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली का काय सांगू. पुढं होऊन मी तिच्या तोंडातून चपल हिसकली अन् त्याच चपलंनं तिच्या पाठीत दोन हाणल्या. केवढासा तो जीव! काँय करून ती उलटी झाली अन् वहिनीच्या लुगड्यामागं जाऊन बसली. मी चपल धोतरानं पुसली अन् नानांच्या पायाशी नेऊन ठेवली. नाना हसून म्हणले, "असू द्या, असू द्या, मुकं जनावर हाय." त्यांना काहीच वाटलं नव्हतं. वाटलं ते मला.

गाड्या गेल्यावर मी ओसरीवर चढलो. दादानं माझ्याकडं बघितलं न्हाई. भिंतीकडं तोंड करून म्हणला, "देत होती रे ती."

एवढंच. मी काहीतरी बोललो, नानांसमोर इज्जत अन् काय काय.

तिथून पुढं चिमणी बिघडली. म्हंजे मीच बिघडवली. मोजा फेकला का जायची, उचलायची, माघारी बी यायची, पण माझ्यापासून चार हातावर आली का मोजा खाली टाकायची अन् पोट जमिनीला लावून पडून राहायची. माझ्या हाताकडं बघायची, तोंडाकडं न्हाई. वहिनीनं एकदा मोजा मागितला तर पटकन दिला. पण वहिनीचा हात दादाला चालायचा न्हाई. "ती लिंबाची होणार हाय. लिंबाच्याच हातात तिनं दिलं पाहिजे, न्हाईतर माझ्यामागं तो तिला धरंल का?" असं वहिनीला म्हणायचा, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

अन् रोज एकच. दिवस कलला, उन्हं उतरली का खाटंवरून हाक यायची, "लिंबा, आज बसतोस का खाली? एकदा बस. मारलेलं इसरंल ती. त्यांना दोन दिवस हसू दे, तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं कुणी मिळंल."

मी म्हणायचो, आज गॅरेजवर पाहुणे बसलेत. आज ग्रामसेवक यायचाय. आज कंबर धरलीय. शेवटी शेवटी दादाची जीभ बी जड व्हायला लागली. तरी बोट उचलून अंगणाकडं करायचा. त्या दिवशी बाजार होता. रस्त्यावर जीपा, टेम्पो, केजला जाणारी माणसं, नुसती जत्रा. दादानं बोट केलं. मी म्हणलं, "आज लई गर्दी हाय दादा. उद्या नक्की."

त्यानं मान हलवली. बरं, म्हणल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पहाटं वहिनीनं हाक मारली तर दादा गेलता.

दादाला पोरगा न्हाई. क्रियेला मी बसलो. दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली, उज्ज्वला, तिचे सासरचे, गावातली चार मोठी माणसं. वहिनीला इतर बायांनी धरून आणलं. वहिनी निघताना म्हणाली, "चिमणीलाबी घ्या. त्यांची हाय ती." भावकीतल्या कुणाला ते पटलं न्हाई, कुत्रं कशाला म्हणून कुजबूज झाली, पण त्या दिवशी वहिनीला कोण बोलणार? चिमणीची दोरी जलालच्या हातात दिली. जलाल दोरीचं पार टोक धरून लांब उभा. "मेरे को चाटने मत देना रे, नमाजला जायचंय मला," असं तिलाच सांगत होता. पण गॅरेज बंद ठेवून आलता. दादानं त्याला पहिला पाना घेऊन दिलेला.

न्हाव्यानं डोकं केलं, मग मिशीवर आला. थांबला. मी म्हणलं, "कर." गेली मिशी. वाऱ्यानं वरचा ओठ गार पडला, दुसऱ्याचंच तोंड लावल्यासारखं वाटलं. अंगावर एक ओला पंचा. असा मी त्या सगळ्यांसमोर उभा होतो.

भाताचे पिंड झाले. महाराजांनी कावळ्यासाठीचा पिंड मोकळ्या जागी पत्रावळीवर ठेवायला लावला, शेजारी दादाच्या आवडीचं, वांग्याची भाजी, जिलेबी, एक विडी. सगळे मागं सरले. कडुलिंबाच्या झाडावर कावळे होते, पाच-सहा तरी. एक खाली उतरला, पिंडाभोवती उड्या मारल्या अन् परत वर गेला. मग येईचना.

अशा वक्ताला काय असतं ते तुमाला ठाऊक हाय. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतेत. मग एकेक जण पुढं व्हायला लागला. जावई हात जोडून म्हणला, "बाबा, उज्ज्वलाला कधी दुखवणार न्हाई." कावळा हलला न्हाई. चुलतभाऊ म्हणला, "राधाकिशन, वहिनीला आमी अंतर देणार न्हाई." न्हाई. कुणी म्हणलं, महादेवाच्या देवळाचा कळस राहिला का रे त्याचा? ते बी बोलून झालं. ऊन तापलं. बाया पदराआड रडायला लागल्या. अन् मला, एकट्या मला, ठाऊक होतं का कशात अडकलंय. पण ते ह्या माणसांसमोर बोलायचं कसं? माझ्या भावाचा जीव कुत्र्याच्या पिल्लात अडकलाय, ते माझ्या हातात मोजा देत न्हाई म्हणून? हसले असते. दादाच्या दहाव्याला बी मला हसण्याचीच पडली होती, हे बघा.

"लिंबाजी, कर्ते तुमी," महाराज म्हणले. "तुमी हाक मारा. बसा खाली."

मी पिंडाच्या अलीकडं उकिडवा बसलो. दोन्ही हात पसरले. बोलायला गेलो तर आवाज असा बारीक निघाला, बाईमाणसासारखा. "ये रे दादा. ये. ये माझ्या राजा. एकदा ये."

मागं जलाल ओरडला, "अरे अरे, पकडो!" दोरी सुटली होती. चिमणी माणसांच्या पायातून निघाली, दोरी मागं ओढत सरळ पिंडापाशी गेली. कावळे उडाले. तिनं जिलेबीकडं बघितलं न्हाई, भाजीकडं बघितलं न्हाई. पिंड हुंगला, तोंड उघडून अलगद उचलला, अन् मान वर करून माझ्याकडं निघाली.

मला तेव्हा कळलं. मी खाली बसलो होतो. हात पसरले होते. आवाज बारीक होता. दादा रोज सांगत होता ते सगळं, एकेक, मी आज पहिल्यांदा केलं होतं.

"हाणा तिला! बाटवलं सगळं! हाणा!" महाराज ओरडले. चुलतभावानं काठी उचलली. चार हातावर आली अन् चिमणी थांबली, तिथंच, जिथं रोज मोजा टाकायची. पोट खाली गेलं. माझ्या हाताकडं बघायला लागली. अख्खी भावकी माझ्याकडं बघत होती, का मी आता उठतो अन् तिचा जीव घेतो. खोटं सांगत न्हाई, हात उचललाच होता मी. सवय असती हाताला. लाजेनं कानशिलं पेटली होती, वाटलं नदीत उडी टाकावी.

मग मी हात खाली घेतला. "थांब रे," चुलतभावाला म्हणलं. "काठी टाक." अन् तसाच उकिडवा, पंच्यात, बोडक्या डोक्यानं, त्या सगळ्यांसमोर म्हणलं, "ये गं माझी चिमणी. ये गं माझी बाय. आण. आण इकडं."

आली. सरपटत आली आधी, मग उठून आली. माझ्या दोन्ही हातात तिनं तो पिंड ठेवला अन् बूड टेकून बसली. भाताचा गोळा तो, हात लावला तरी फुटंल असा. त्याला दात लागला नव्हता. एक शीत हललं नव्हतं.

"शाब्बास," मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं. "शाब्बास गं माझी बाय. शाब्बास गं माझी रानी." तिच्या कानात, मानेत बोटं घालून म्हणत राहिलो अन् रडत राहिलो. ती माझा उघडा ओठ चाटायला लागली. भावकीत कुणीतरी म्हणलं, "डोक्यावर परिणाम झालाय." कुणी हसलं मात्र न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

महाराजांनी तो पिंड पाण्यात सोडायला लावला. दुसरा केला. कावळा त्यालाबी शिवला न्हाई, चिमणीनं उडवलेले कावळे माघारी आलेच न्हाईत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी जाताना लोक म्हणत होते, लिंबाच्या कुत्र्यापायी राधाकिशनची गती अडकली. अजून म्हणतेत. मी कुणाला काही सांगत न्हाई. काय सांगू? अडकली ती माझ्यापायीच अडकली होती.

संध्याकाळी पाहुणे पांगले. ओसरीवर दादाची खाट उभी करून भिंतीला लावली होती. मी पायरीवर बसलो. वहिनी आतून आली, हातात तो मोजा. जवळ बसली.

मी म्हणलं, "वहिनी, तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली."

"कावून?" ती म्हणली. "मी बघितलं की. बाया रडत होत्या, माझं ध्यान तिच्याकडंच होतं. त्यांच्या वाटचं मी बघितलं. अशी अलगद दिली तिनं." अन् हातानं करून दाखवलं, कशी दिली ते.

मला जरा बरं वाटलं. खरं सांगतो, लई बरं वाटलं. समोर गॅरेजवर फळी भरली होती, पण आज कुणी आवाज दिला न्हाई. मी मोजा घेतला, अंगणात फेकला अन् पायरीखाली उतरून उकिडवा बसलो. चिमणी गेली अन् घेऊन आली. हातात दिला. परत फेकला, परत दिला.

वहिनी ते बघत होती. पदरानं डोळे पुसले अन् साध्या आवाजात, चहा ठेवू का इचारावं तशा आवाजात म्हणली, "भाऊजी, हे असंच बाजारच्या दिवशी खाली बसला असता, तर काय गुडघे झिजले असते का तुमचे?"

चिमणी मोजा तोंडात धरून माझ्यापुढं बसली होती. तिला शाबासकी द्यायची होती, पण माझा हात आधी वरच्या ओठावर गेला, मिशी होती तिथं.